एक इथर, अनेक जामीनक्या

पैसा एका जागी पडून राहिला की देशाचे नुकसान होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिजोरीतले सोने, वर्षानुवर्षे न वापरलेले खाते, कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट, यांच्याकडे सुजाण नागरिक थोड्या नाराजीनेच पाहतो. ही नाराजी शेवटच्या टोकापर्यंत नेण्याचे धैर्य मात्र फार थोड्यांनी दाखवले. इथर या आभासी चलनाच्या जगात २०२३ पासून रुजलेले रीस्टेकिंग हे त्या धैर्याचे फळ आहे. त्याचे कौतुक मराठीत जेवढे व्हायला हवे होते तेवढे झालेले नाही, आणि ही उणीव भरून काढणे हे कुणाचे तरी कर्तव्यच होते.

आधी मूळ व्यवस्था समजून घेतली पाहिजे, कारण तिचे दोष कळल्याशिवाय सुधारणेची थोरवी कळत नाही. १ डिसेंबर २०२० रोजी, इथर ज्या जाळ्यावर चालते त्या इथरियमची नवी साखळी (ब्लॉकचेन) सुरू झाली आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण जाळे तिच्यावर चालू लागले. व्यवहार तपासण्याचे काम ज्याला करायचे आहे, त्याने ३२ इथर ठेव म्हणून अडकवायचे. याला स्टेकिंग म्हणतात आणि ठेव ठेवणाऱ्याला व्हॅलिडेटर. काम प्रामाणिकपणे केले तर वर्षाला साधारण ३ टक्क्यांच्या आसपास मोबदला. एकाच गोष्टीवर दोन परस्परविरोधी सह्या केल्या, तर ठेवीचा काही भाग कायमचा कापला जातो. त्याला स्लॅशिंग म्हणतात. लबाडी करणाऱ्यांची संख्या जितकी मोठी, तितकी प्रत्येकाची कापणी मोठी. एक ठेव, एक काम, एक शिक्षा. कोणालाही दहा मिनिटांत समजेल अशी ही मांडणी होती, आणि म्हणूनच ती फार काळ टिकेल अशी अपेक्षा कोणी ठेवायला नको होती.

पहिली सुधारणा लगेच, डिसेंबर २०२० मध्येच आली. लिडो नावाच्या व्यवस्थेने सांगितले की तुमचे इथर आम्ही अडकवतो आणि बदल्यात तुम्हाला एसटीइथ नावाची पावती देतो. ही पावती विकता येते, गहाण ठेवता येते, तिच्यावर कर्जही काढता येते. ठेव अडकलेली आणि मोकळी, दोन्ही एकाच वेळी. त्या काळात मूळ ठेव परत काढण्याची सोयच इथरियममध्ये नव्हती. ती १२ एप्रिल २०२३ रोजी आली. तोपर्यंत पावतीची किंमत टिकून होती ती केवळ ती विकत घ्यायला कोणी तरी तयार असेल या विश्वासावर. जून २०२२ मध्ये घेणारे कमी आणि विकणारे जास्त झाले, पावती इथरच्या तुलनेत सुमारे ५ टक्क्यांनी खाली आली, आणि याच पावत्यांमध्ये ग्राहकांचा पैसा गुंतवून बसलेल्या सेल्सियस या कंपनीने १२ जूनला ग्राहकांचे पैसे काढणे बंद केले. पुढच्याच महिन्यात ती दिवाळखोरीत गेली. तारणावर तारण चढवल्यावर काय होते, याचा एवढा स्वच्छ प्रयोग सहसा कोणाला फुकट पाहायला मिळत नाही. हा प्रयोग पाहूनही ज्यांचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही, त्या मंडळींच्या मनाची घडण निराळीच म्हटली पाहिजे.

त्यांच्यासाठीच जणू जून २०२३ मध्ये आयगनलेयर सुरू झाले. त्याचे जनक श्रीराम कन्नन हे वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि त्यांची मूळ कल्पना खरोखरच बुद्धिमान आहे, हे कोणत्याही टीकाकाराने मान्य करावे. नवे जाळे किंवा नवी सेवा उभारायची, तर तिला स्वतःचे व्हॅलिडेटर जमवावे लागतात, स्वतःचे टोकन काढावे लागते, आणि त्या टोकनला किंमत येईपर्यंत सुरक्षितता कागदावरच राहते. दोन साखळ्यांमधला पूल असो, माहिती साठवण्याची सेवा असो की बाहेरच्या जगातले बाजारभाव साखळीवर आणून देणारी यंत्रणा असो, अडचण सर्वांची सारखी. कन्नन म्हणाले, इथरियमची सुरक्षितता करणारे इथर आहेच की. तेच इथर आणखी चार सेवांच्या सुरक्षिततेसाठी पुन्हा अडकवू. सेवा व्हॅलिडेटरला जादा मोबदला देईल. व्हॅलिडेटरने त्या सेवेत लबाडी केली तर तीही त्याचे इथर कापेल.

आपल्याकडच्या पतसंस्थेत कर्जदाराला जामीनदार आणावा लागतो, आणि एका सभासदाने किती जणांना जामीन राहायचे याला सहसा मर्यादा असते. त्यामागचा विचार जुन्या वळणाचा आहे. दोन कर्जदारांनी एकाच महिन्यात हप्ते थकवले, तरी जामीनदाराचा पगार एकच असतो. तो दोनदा वळता करून घेता येत नाही. रीस्टेकिंगने जामीनदाराला या संकोचातून मुक्त केले. त्याच्या एकाच इथरकडे बोट दाखवून इथरियम म्हणते, मी सुरक्षित आहे. पहिली सेवा म्हणते, मीही सुरक्षित आहे. चौथी सेवाही तेच म्हणते. बेरीज करणाऱ्याला सुरक्षितता पाचपट दिसते. वजाबाकी करण्याची वेळ आल्यावर इथर किती निघेल, हा प्रश्न विचारणे म्हणजे नव्या विचाराला आरंभीच नाउमेद करणे होय.

तरीही काहींनी तो विचारला, आणि त्यात इथरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांचाही समावेश होता. मे २०२३ मध्ये, म्हणजे आयगनलेयर मुख्य जाळ्यावर येण्याआधीच, त्यांनी एक लेख लिहून इशारा दिला. व्हॅलिडेटरचे इथर दुसऱ्या कामाला लावण्यात काही धोके आहेत, पण ते मुळात वावगे नाही. मात्र आपल्या सेवेत काही बिघडले की अख्ख्या इथरियम समाजाने साखळीच्या नियमांना हात घालून आपल्याला सोडवावे, अशी अपेक्षा धरून कुणी घर बांधू नये, असे त्यांचे म्हणणे होते. धोक्याचा इशारा एवढ्या वेळेवर मिळणे हे भाग्यच. पुढच्या वर्षभरात ज्या वेगाने पैसा आला, तो पाहता हा इशारा सर्वांनी आदरपूर्वक वाचून बाजूला ठेवला असावा.

पैसा खरोखर कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला ठेवींवर मर्यादा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती काही दिवसांसाठी उठवली गेली आणि अब्जावधी डॉलरचे इथर आत आले. त्याच महिन्यात सिलिकॉन व्हॅलीतल्या अँड्रीसन हॉरोविट्झ या साहस भांडवल संस्थेने आयगनलेयरच्या कंपनीत १० कोटी डॉलर गुंतवले. २०२४ च्या जूनच्या सुमारास रीस्टेक झालेल्या इथरची किंमत २० अब्ज डॉलरच्या घरात होती. इतकी मोठी जामीनकी जमली होती, पण ज्यांच्यासाठी ती द्यायची ते कर्जदार तोवर जवळपास नव्हतेच. पहिली सेवा, कंपनीचीच आयगनडीए, एप्रिल २०२४ मध्ये मुख्य जाळ्यावर आली. त्या वेळी सेवांनी जामीनदारांना मोबदला देण्याची यंत्रणा तयार नव्हती, आणि लबाडी केली तर इथर कापण्याची यंत्रणाही नव्हती. कापणी सुरू झाली ती १७ एप्रिल २०२५ रोजी.

दंडाशिवाय चालणारा हा काळ रीस्टेकिंगच्या इतिहासातले सर्वांत उदात्त पर्व मानायला हवे. आपल्या देशात कायदा आधी येतो, त्याची अंमलबजावणी होत नाही, आणि मग आपण शासनाला दोष देतो. येथे दंडविधान छापले गेले, त्यावर श्वेतपत्रिका लिहिली गेली, परिषदांमधून त्याची महती गायली गेली, आणि जवळपास दोन वर्षे एकाही गुन्हेगाराला शिक्षा करण्याची तांत्रिक शक्यताच ठेवली नाही. त्या काळात सेवांची सुरक्षितता ज्या भीतीवर उभी आहे असे सांगितले जात होते, ती भीती अजून बांधकामाधीन होती. एवढ्या दयाळू व्यवस्थेत २० अब्ज डॉलर यावेत, हे माणसाच्या चांगुलपणावरचा विश्वास वाढवणारे आहे.

मोबदला नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. पॉइंट होते. एक इथर एक तास रीस्टेक केले की एक पॉइंट, असा सरळ हिशेब. पॉइंटचे मूल्य काय, ते कधी आणि कशात बदलून मिळणार, याबद्दल कोणतेही वचन दिलेले नव्हते. पगार, व्याज आणि लाभांश यांच्यामागे कायद्याचे जे लचांड लागते, ते पॉइंटला लागत नाही. कामावर ठेवलेल्या मजुराला महिनाअखेरी नेमके किती मिळणार हे सांगावे लागते. भांडवलदाराला नुसते वाट पाहायला सांगितले तरी तो अधिक भांडवल घेऊन येतो, हा आर्थिक विचारातला नवा शोध या पॉइंटांनी लावला. पुढे पेंडलसारख्या बाजारात लोक इथर बाजूला ठेवून केवळ भविष्यातले पॉइंट विकत घेऊ लागले. म्हणजे एका न दिलेल्या वचनावरचा हक्क, तोही ठरावीक मुदतीसाठी, रोख पैसे मोजून.

आणि मग आले रीस्टेकिंगच्या पावत्यांचे युग. लिडोने स्टेकिंगची पावती दिली होती; इथर.फाय, रेन्झो, केल्प आणि पफर यांनी रीस्टेकिंगची पावती दिली. आता मनोऱ्याचे मजले मोजून पाहावेत. तळाला इथर. त्यावर स्टेकिंग. त्याची पावती. ती पावती आयगनलेयरमध्ये. त्याची दुसरी पावती. ती दुसरी पावती कर्ज देणाऱ्या बाजारात गहाण. त्या कर्जातून पुन्हा इथर. त्या इथरची पुन्हा पावती. प्रत्येक मजल्यावर पॉइंट मिळतात, आणि सर्वांत वर बसलेल्या नागरिकाला वाटते की आपण चार ठिकाणांहून उत्पन्न मिळवत आहोत. खरे तर त्याने चार प्रकारच्या अडचणी एकाच वेळी विकत घेतलेल्या असतात: कोडमधली चूक, व्हॅलिडेटर चालवणाऱ्या चालकाची चूक, पावती विकत घेणारा न मिळण्याची शक्यता आणि कर्जवसुलीची घाई. यातली एक अडचण आली की उरलेल्या तीन तिच्या मदतीला धावतात, एवढी एकजूट अन्य गुंतवणुकीत दिसत नाही.

२४ एप्रिल २०२४ रोजी ही एकजूट रेन्झोच्या पावतीत, म्हणजे ईझीइथमध्ये, प्रत्यक्ष दिसली. रेन्झोने आपल्या नव्या टोकनचे वाटप कसे होईल हे जाहीर केले. पॉइंट जमवणाऱ्यांना आपला वाटा अपेक्षेपेक्षा कमी वाटला आणि ते बाहेर पडू लागले. बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र एकच होता: पावती बाजारात विकणे. कारण मूळ इथर परत मागण्याची सोय रेन्झोने तोवर सुरू केलेली नव्हती. इथरचा भाव ३००० डॉलरच्या वर असताना काही मिनिटांसाठी युनिस्वॅप या बाजारात ही पावती ७०० डॉलरच्याही खाली गेली. ज्यांनी पावती गहाण ठेवून कर्ज काढले होते, त्यांचे तारण कर्जबाजारांनी आपोआप विकून टाकले. मॉर्फो आणि गिअरबॉक्स या दोन्ही ठिकाणी हे घडले. तळातले इथर कुठेही गेले नव्हते, कोणी लबाडी केली नव्हती, कोणालाही स्लॅशिंग झाले नव्हते. व्यवस्थेचा प्रत्येक भाग नेमून दिल्याप्रमाणे चालला आणि लोकांचे पैसे गेले. थोड्याच वेळात भाव बराचसा सावरला, यात ज्यांचे तारण विकले गेले होते त्यांनी समाधान मानावे, एवढीच अपेक्षा.

विद्वानांनी अशा वेळी तटस्थ राहू नये, अशी आपली जुनी तक्रार असते. इथरियम फाउंडेशनचे दोन नामवंत संशोधक, जस्टिन ड्रेक आणि डँक्रॅड फाइस्ट, यांनी ही तक्रार दूर केली. मे २०२४ मध्ये दोघांनी आयगनलेयरच्या टोकनच्या बदल्यात त्या प्रकल्पाचे सल्लागारपद स्वीकारले. टोकनची किंमत लाखो डॉलरमध्ये होती, आणि आपल्या बाकीच्या सर्व मालमत्तेपेक्षा ती सहज जास्त ठरू शकते, हे ड्रेक यांनी स्वतःच उघडपणे सांगितले. रीस्टेकिंगमुळे इथरियमला धोका आहे का, याचे निःपक्ष उत्तर ज्यांच्याकडून अपेक्षित होते, त्यांचे उत्तर रीस्टेकिंगच्या यशाशी जोडले गेले. समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. नोव्हेंबरमध्ये ड्रेक यांनी ते पद सोडले आणि समाजाची माफीही मागितली. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा खरोखर जाणवतो, कारण अशी व्यवस्था दडवून ठेवणारे जगात जास्त असतात.

टोकनवाटपातही अशीच शिस्त होती. एप्रिल २०२४ च्या अखेरीस आयगन टोकन जाहीर झाले, तेव्हा ते मिळणार होते, पण विकता येणार नव्हते. आणि अमेरिका, कॅनडा, चीन यांच्यासह अनेक देशांतल्या लोकांना ते मिळणारच नव्हते. त्यांची ठेव घेताना त्यांचा देश कोणता, हा प्रश्न आड आला नव्हता; वाटप करताना आला. टोकन विकण्यायोग्य झाले ते १ ऑक्टोबर २०२४ रोजी. तीनच दिवसांनी एका गुंतवणूकदाराच्या ईमेलमध्ये घुसून कुणी तरी पत्ता बदलला आणि सुमारे १६.७ लाख आयगन चोराच्या पाकिटात जाऊन विकलेही गेले. अब्जावधी डॉलरची विकेंद्रित सुरक्षितता विकणाऱ्या व्यवस्थेतून टोकन बाहेर पडायला एक ईमेल पुरतो, हे ज्ञान इतक्या कमी खर्चात मिळाले, म्हणून कृतज्ञ राहावे.

वित्तक्षेत्रातल्या जाणत्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. ग्राहकाने तारण म्हणून दिलेले रोखे दलालाने स्वतःच्या कर्जासाठी पुन्हा गहाण ठेवायचे, ही प्रथा वॉल स्ट्रीट आणि लंडनमध्ये जुनी आहे. अमेरिकेत तिला ग्राहकाच्या देण्याच्या १४० टक्क्यांची मर्यादा आहे. लंडनमध्ये तशी मर्यादा नव्हती. म्हणून पुष्कळ हेज फंडांनी आपले रोखे लंडनमधल्या लेहमन ब्रदर्स इंटरनॅशनलकडे ठेवले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये ती बंद पडल्यावर आपले रोखे नेमके कोणाकडे आहेत हे शोधण्यात वर्षे घालवली. क्रिप्टोचा जन्म याच अपारदर्शक गहाणवटीला पर्याय म्हणून झाला, असे त्याचे पुरस्कर्ते अभिमानाने सांगतात. पर्याय खरोखर वेगळा आहे: येथे तारण कितव्यांदा गहाण पडले आहे, हे जगातला कोणीही साखळीवर पाहू शकतो. पाहूनही कोणी थांबत नाही, ही पारदर्शकतेची मर्यादा मानू नये. तो नागरिकांच्या स्वातंत्र्याचा भाग आहे.

१७ एप्रिल २०२५ ला कापणी आली, तेव्हा एक बारीक तरतूद तिच्यासोबत आली. तिची चर्चा फार झाली नाही, म्हणून ती नोंदवून ठेवतो. चालकाने आपल्या ठेवीचा ठरावीक हिस्सा ठरावीक सेवेच्या नावे करायचा, आणि तो हिस्सा तीच सेवा कापू शकेल, दुसरी नाही. एका सेवेच्या चुकीची झळ दुसरीला लागू नये, म्हणून ही काळजी. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण याचा साधा अर्थ असा की, त्या त्या हिश्शाला पुन्हा एक काम आणि एक शिक्षा. पाचपट दिसणारी सुरक्षितता ज्या दिवशी खरी करायची वेळ आली, त्या दिवशी ती वाटणीला आली. दोन वर्षे, २० अब्ज डॉलर आणि पॉइंटांचे डोंगर पार करून आपण पतसंस्थेच्या नियमापाशी पोहोचलो, आणि हा प्रवास ज्यांच्या खर्चाने झाला त्यांचा उल्लेख कुठल्याही घोषणेत झाला नाही.

मोबदल्याचा प्रश्न त्याआधीच स्पष्ट झाला होता. सेवांकडून येणारी फी पुरेशी नव्हती, म्हणून आयगन फाउंडेशनने पहिल्या वर्षासाठी एकूण पुरवठ्याच्या ४ टक्के इतके नवे आयगन टोकन रीस्टेक करणाऱ्यांना वाटण्याची योजना २०२४ मध्येच आणली होती. जामीनदाराला कर्जदार पैसे देत नाही. जामीनकीचे टोकन छापणारा देतो, आणि त्या टोकनला किंमत द्यायला पुढचा जामीनदार येतो. परताव्याच्या आकड्यांकडे पाहताना तो ग्राहकाकडून आला की छापखान्यातून, हा फरक करण्याची सवय गुंतवणूकदारांना नव्हती. जून २०२५ मध्ये आयगनलेयरने स्वतःला आयगनक्लाउड म्हणवून घेतले आणि पुढच्या महिन्यात कंपनीने सुमारे एक चतुर्थांश कर्मचारी कमी केले.

बाहेर पडण्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण नवखे लोक आत येण्याचीच चौकशी करतात. आयगनलेयरमधून इथर सोडवायला आता १४ दिवस लागतात. त्यानंतर इथरियमची स्वतःची रांग. सप्टेंबर २०२५ मध्ये किल्न या मोठ्या चालक कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून आपले सर्व व्हॅलिडेटर बाहेर काढायला घेतले, तेव्हा या रांगेत २५ लाखांहून अधिक इथर होते आणि प्रतीक्षा ४० दिवसांच्या वर गेली. भाव रोज बदलणाऱ्या मालमत्तेत ४० दिवसांचे चिंतन सक्तीने घडवून आणणारी ही रांग संयम शिकवते.

आपल्याकडच्या तरुणांनी, आणि पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमधल्या बऱ्याच जणांनी, या संयमात भाग घेतलेला असणार. त्यांना घरचे नियमही लागू होतात. २०२२ पासून आभासी मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा मिळत नाही. एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. ईझीइथचे तारण विकले जाऊन झालेला तोटा आणि आयगनच्या वाटपातून झालेला नफा एकमेकांना भेटू शकत नाहीत. विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून कापला जातो, मग त्या विक्रीत नफा असो वा तोटा. या संपूर्ण रचनेत रुपयांत आणि वेळेवर मोबदला घेणारा सरकार हा एकच पक्ष आहे, आणि त्यासाठी त्याने कुणालाही जामीन राहिलेले नाही.